नवे सेल

"दोन मोठे सेल आण. नवे पाह्यजेत," बाबा म्हणाले आणि टॉर्चमधले जुने सेल काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले. "अन् येताना मागच्या दारानं ये."

दुपारचे दोन वाजले होते. दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. भरदुपारी फळ्या लागल्या म्हणजे आत कुणीतरी तपासून घ्यायला आलेलं असायचं. त्या दिवशी तो माझा भाऊ होता. हेमराज कापड बेतायच्या टेबलावर पाय सोडून बसला होता. मी पडद्यातून हात पुढे केला तशी त्यानं मांडीवरचा पंचा वर ओढला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला. त्या कॅलेंडरवर त्याच्याच लग्नाच्या तारखेभोवती आईनं कुंकवानं गोल केला होता. सत्तावीस दिवस राहिले होते.

मी वीस वर्षांची होते आणि तो सव्वीसचा. अकरा किलोमीटरवरच्या एका खेड्यात तो शाळामास्तर होता, रोज सायकलनं जायचा. महिनाभर तो सायकलच्या सीटला बोल लावत होता. आज सकाळी त्यानं बाबांना कोपऱ्यात नेऊन काहीतरी सांगितलं, आणि बाबांनी गिऱ्हाइकाचं माप अर्धवट टाकून फळ्या लावल्या.

हे सगळं बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावाला वाटत नसे. आमच्याकडे डासांमुळे हत्तीपाय घरोघर होता, आणि त्याच्या जोडीनं पुरुषांच्या अंडकोशात पाणी भरायचं. पाय फाकवून चालणारा माणूस दिसला तर कुणी वळूनही बघत नसे. बाबा शिंपी. बगाडे टेलर्स. कुणाच्या पँटला मांडीपाशी किती सैल सोडायचं ते त्यांना गावातल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक होतं. माप घेताना ते "डावी का उजवी?" एवढंच विचारायचे, आणि माणूस रस्त्याकडे बघत एका शब्दात उत्तर द्यायचा.

बाबांना स्वतःलाच पाणी झालं होतं. सात वर्षांपूर्वी सरकारी शिबिरात तंबूचा पडदा खाली सोडून डॉक्टरनं त्यांना टॉर्च लावून दाखवली होती. पाण्यातून उजेड जातो, सगळं कंदिलाच्या काचेसारखं लाल दिसतं. गाठ भरीव असली तर उजेड अडतो. अशा माणसानं घरी बसायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. बाबांचं लाल दिसलं. ऑपरेशन झालं, आणि दहाव्या दिवशी ते मशीनवर बसले. त्यानंतर त्यांनी एक टॉर्च घेतली.

जी माणसं डॉक्टरपुढे मेली तरी नाडी सोडली नसती, ती टेलरमास्तरकडे, म्हणजे बाबांकडे, यायला लागली. मास्तरची टेप नाहीतरी तिथवर जायचीच. बाबा फळ्या लावायचे, माणसाला टेबलावर आडवं करायचे आणि टॉर्च लावून म्हणायचे, "तूच पाह्य, डोकं उचलून पाह्य. लाल हाय ना? पाणी हाय. शिबिर लागलं का काढून घे." मी पडद्याच्या अलीकडे बसून सदऱ्यांची काजं करत असे. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. त्याला अपवाद एकच झाला होता, चार वर्षांपूर्वी. दशरथ सायकलवाला आला होता. त्या दिवशी पडद्यापलीकडे टॉर्चचं बटण तीनदा वाजलं. मग बाबा म्हणाले, "दशरथ, आजच्या गाडीनं नागपूरले जायचं. मी येतो संगं." आणि ते खरोखर गेले. बसमध्ये त्याच्या शेजारी बसून.

नागपूरला दशरथची एक बाजू काढून टाकली. पुढे औषधं झाली. चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नव्हते. केस पुन्हा आले. पण गावानं त्याचं नाव एक्का ठेवलं. अर्थ न कळणारी पोरंसुद्धा त्याच्या दुकानापुढून सायकल नेताना "एक्काकाका, हवा भरा" म्हणायची. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. मग नदीपलीकडची एक विधवा त्याला मिळाली. तो एक्का या हाकेला ओ देत राहिला.

मोटघऱ्यांच्या किराणा दुकानात मी दोन सेल मागितले. मोटघऱ्यांची सवय अशी की सेल असो की बल्ब, लावून दाखवल्याशिवाय द्यायचे नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याचं वेष्टण फोडलं, दोन्ही सेल तारेवरच्या बल्बला लावले. बल्ब पांढरा लखलखला. "पाह्य बाई, कोरे हायेत," ते म्हणाले.

मी मागच्या दारानं आले, सेल पडद्यातून आत दिले आणि माझ्या जागेवर बसून सुईत दोरा ओवला.

टॉर्चचं बटण वाजलं. पुन्हा वाजलं. टेबल किंचित करकरलं.

"तू नको पाहू," बाबा म्हणाले. "पडून राय."

"काय झालं?"

"काही नाही. पाणी हाय."

"लाल दिसलं?"

"दिसलं."

"मग मले गोटीसारखं कडक कसं लागते?"

"नवं पाणी कडकच लागते. मंग नरम पडते. दुखते का?"

"दुखत नाही. जड वाटते निसतं."

"दुखत नाही तं कायले घाबरतो?"

पाणी मऊ असतं, पिकल्या टमाट्यासारखं हाताला लागतं, असं मी त्याच तोंडून सात वर्षं ऐकत होते. आणि सात वर्षांत बाबांनी कुणाला बघू नको म्हटलं नव्हतं.

हेमराज बाहेर आला. त्याचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. माझ्या मांडीवरचं रीळ उचलून त्यानं हवेत उडवलं, झेललं. "निमे, तुझ्या वहिनीले नको सांगू मी इथं घाम पुसत बसलो होतो म्हणून," तो म्हणाला. मग दाराशी थांबून हसला. "एक्का नाही झालो. दुर्रीच हाय अजून."

मी हसले. बाबा पडद्याआडून बाहेर आले नाहीत. त्या दुपारी मी अकरा काजं केली. एकही वाकडं आलं नाही.

जुने सेल माझ्याजवळच राहिले होते. संध्याकाळी मी ते ट्रान्झिस्टरमध्ये घातले. तो वाजू लागला.

लग्न साकोलीला झालं. हेमराजची पँट बाबांनी स्वतः शिवली, कारागिराला हात लावू दिला नाही. डाव्या बाजूला त्यांनी अशा खुबीनं कापड सोडलं होतं की मांडवातल्या कुणाला काही दिसलं नाही. रंजनावहिनी बारीक चणीची, हळू बोलणारी होती. पहिल्या आठवड्यात ती मला म्हणाली की तुमचे भाऊ फार लाजतात, दिवा मालवल्याशिवाय जवळ येत नाहीत. मी म्हणाले, आमच्या घरात सगळेच लाजरे आहेत.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याची कंबर दुखायला लागली. आईनं तेल लावलं, बाम चोळला. जुलैत खोकला सुरू झाला. पावसाच्या ओलीचा आहे, असं सगळे म्हणाले. पोळ्याच्या दिवशी वहिनीनं धुवायला घेतलेल्या रुमालावर रक्त दिसलं. त्याच दिवशी ट्रान्झिस्टरमधला आवाज घोगरा होत होत बंद पडला.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर तिशीचा असेल. छातीचा फोटो बघून आणि हेमराजला तपासून तो पडद्याबाहेर आला आणि गाठ कधीपासून आहे असं त्यानं विचारलं. वहिनीला गाठच माहीत नव्हती. पडद्यामागच्या खाटेवरून हेमराजच म्हणाला, "मार्चपासून. बाबांनी पाह्यली होती. टॉर्च लावून."

डॉक्टरनं बाबांकडे बघितलं. "उजेड आरपार गेला होता?"

"सेल उतरले होते साहेब," बाबा म्हणाले.

डॉक्टरनं फोटो पाकिटात घातला. मग त्यानं आवाज न चढवता, एकेक शब्द टेबलावर ठेवावा तसा, सांगितलं. तिथल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पाणी असतं, शिरा फुगतात, बारीकसा पाण्याचा फोड येतो. पण त्या निरुपद्रवी आहेत हे घरच्यांनी ठरवायचं नसतं. आतल्या गोटीवरच, म्हणजे वृषणावरच, काही कडक लागलं, ती मोठी झाली, जड वाटली, तर दुखो न दुखो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. नुसत्या टॉर्चवरही भागत नाही, कारण पाण्याच्या आड भरीव गाठ लपू शकते. सोनोग्राफीला दहा मिनिटं लागतात.

"हा आजार पोरांच्याच वयात होतो," तो म्हणाला, "आणि बरा होतो. मार्चमध्ये आणलं असतं तर आज हा शाळेत शिकवत असता. आता छातीत आहे, पोटात आहे. औषधं देऊ. पण उशीर फार झाला."

पडदा कापडाचाच होता. हेमराजला सगळं ऐकू गेलं.

औषधं चालू झाली. दुसऱ्या खेपेला त्याचे केस उशीवर उतरले. एका दुपारी वहिनी पाणी आणायला गेली होती, मी त्याच्याजवळ होते. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

"सेल तूच आणले होते ना, निमे?"

"हो."

"मोटघऱ्यानं जुने देल्ले असतील."

"असतील," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. उत्तर पटल्यासारखी. मग तो म्हणाला की मोटघऱ्याशी भांडू नका, त्याला काय माहीत ते कशासाठी हवे होते. मार्गशीर्षात तो गेला. वहिनी सव्वा महिना आमच्याकडे राहिली. मग तिचे भाऊ आले. टांग्यात बसताना तिनं मला विचारलं की गाठ घरात आणखी कुणाला ठाऊक होती का. मी म्हणाले, नाही.

बाबांनी टॉर्च कपाटात टाकली आणि भेटायला येईल त्याला एकच वाक्य सांगितलं. सेल उतरले होते. गावानं ते धरलं. मोटघऱ्यांकडून सेल घेणं लोकांनी सोडलं, मग बल्ब, मग हळूहळू बाकीचंही. एकदा त्यांनी मला रस्त्यात थांबवलं. "बाई, मी तुमाले बल्बले लावून देल्ले होते ना जी? तुमी उभ्या होत्या."

मी म्हणाले, मला आठवत नाही.

माझं लग्न झालं आणि तीन वर्षांत संपलं. मी परत आले, नगरवाचनालयात लागले. आई गेली. घरात बाबा आणि मी उरलो. वर्षातून एकदा, हेमराजच्या तिथीच्या आसपास, जेवताना बाबांचा हात ताटात थांबायचा.

"सेल उतरले होते ना, निमे?"

"हो."

मग ते पुढचा घास घ्यायचे. तेवीस वर्षं मी हे उत्तर दिलं. मीठ वाढावं तितक्या सहज. ते उत्तर मी त्यांच्यासाठी देत होते असं मला वाटायचं.

शेवटच्या वर्षी त्यांच्या छातीत पाणी साठायला लागलं. घरातल्या पायऱ्या चढवेनात, म्हणून त्यांची खाट दुकानातच टाकली, बेतायच्या टेबलाशेजारी. एके सकाळी दाराशी एक चोवीस-पंचवीस वर्षांचा माणूस चपला काढून उभा राहिला. दशरथचा मुलगा, नीलकंठ. बापाच्या दुकानाचं आता मोटरसायकलचं गॅरेज झालं होतं, ते तोच चालवायचा. मला बघून तो घुटमळला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, मास्तरांशी काम होतं.

बाबांनी त्याला जवळ बसवलं. तो कुजबुजत बोलला, पण खोली लहान होती. वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागत होतं, पंधरा दिवसांपासून. दुखत नव्हतं.

"बाबूजी म्हणे, आधी मास्तरले दाखव," नीलकंठ म्हणाला. "म्हणे मास्तरचा उजेड खोटं नाही बोलत. म्हणे त्याच्याच्यानं मी जिता हावो, अन् तूही."

हेमराज गेल्यापासून बाबांकडे यासाठी कुणी आलं नव्हतं. आधी दयेपोटी, मग विसरून. बाबा कोपरावर उठले. कित्येक महिन्यांत मी त्यांना आधाराशिवाय उठताना बघितलं नव्हतं. चेहऱ्यावर रंग आला होता.

"निमे," ते म्हणाले, "कपाटातली टॉर्च काढ. अन् नवे सेल आण."

मी उठले नाही. माझ्या हातात त्यांच्या औषधाचा चमचा होता. तो मी पुसून वाटीत ठेवला.

"तेव्हाही नवेच होते, बाबा."

"काय?"

"मोटघऱ्यांनी बल्बला लावून दिले होते. माझ्यासमोर. आणि जुनेही उतरले नव्हते. मी रेडिओत घातले. पोळ्यापर्यंत चालले."

नीलकंठ एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. बाबा कोपरावरच होते.

"तुले मालूम होतं."

"हो."

"तवापासून?"

"तुम्ही त्याला बघू नको म्हणालात तेव्हापासून."

खाटेच्या दोरीचा आवाज झाला. बाबा आडवे झाले होते. छतातल्या वाशांकडे बघत ते म्हणाले, "मंग तू बोलली कायले नाही?"

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला वाटतं तेवीस वर्षं त्यांनी मला विचारलेला खरा प्रश्न तोच होता, आणि मी प्रत्येक वेळी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. वीस वर्षांच्या मुलीनं भावाच्या तसल्या दुखण्यावर बोलायचं नसतं, त्याच्यामागून माझंच लग्न होतं, तो हसत बाहेर आला होता. ही कारणं मला पाठ होती. त्यांच्या तोंडावर सांगण्यासारखं त्यांत एकही नव्हतं.

मग बाबाच बोलले. माझ्याशी नाही. नीलकंठशी.

"तुह्या बापाचं नाव मी ठेवलं, पोरा. एक्का. तो नागपूरून आला, अन् पँट शिवाले इथं उभा राहिला. चार जण बसले होते. मी म्हटलं, आता डावी का उजवी पुसाचं कामच नाही, एक्का हाय. सगळे हसले." त्यांना धाप लागली. थोडं थांबून ते म्हणाले, "तेच चार जण हेमूच्या वरातीत येणार होते."

नीलकंठनं हाताच्या पंजाकडे बघितलं. नखांत ग्रीस होतं.

"मालूम हाय बाबूजीले," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच."

मी त्याला बाहेर नेलं. अंगणात उभं राहून सांगितलं की कुणालाही हात लावू द्यायचा नाही, टॉर्चही नाही. अकराची भंडाऱ्याची गाडी पकडायची, सर्जनला दाखवायचं आणि सोनोग्राफी करून घ्यायची. काही नसेल. बहुतेक वेळा काही नसतं. पण ते त्यांच्या तोंडून ऐकून यायचं. तो पोर घाबरून माझं तोंड बघत होता. बापासारखाच मोठ्या कानांचा. तो गेला.

मी आत आले तेव्हा बाबांनी कूस बदलली होती. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. औषध घेताना तोंड उघडायचे, पाणी प्यायचे, पुन्हा भिंतीकडे वळायचे. मी दोनदा खाटेशी बसले. एकदा तोंडाशी आलंही होतं की मी खोटं बोलले बाबा, सेल उतरले होते. ते मी म्हणाले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटेनंतर त्यांचा श्वास लांब होत गेला आणि सातच्या सुमाराला थांबला. भिंतीकडे तोंड करूनच. सरळ करायला मला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं.

तेरवीला दशरथ आला. साठीला टेकलेला, ताठ, पांढऱ्या केसांचा. मागे नीलकंठ. दोघांनी बाबांच्या फोटोला फूल वाहिलं. जेवणं झाल्यावर दशरथ माझ्याशेजारी ओट्यावर बसला आणि सुपारी कातरत पोराचं सांगू लागला. दुकानात ऐकलेलं नीलकंठनं त्याला सांगितलेलं दिसत नव्हतं. सोनोग्राफी झाली होती. गोटी साफ होती. तिच्या वरच्या अंगाला एक पाण्याचा फोड होता, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. डॉक्टर म्हणाला, काही करायचं कारण नाही. वाढला किंवा कडक लागला तर ये, नाहीतर विसरून जा.

"उगाच पोरगं तीन दिवस जेवलं नाही," दशरथ म्हणाला. "मास्तरनं पाह्यलं असतं तं त्यानंही हेच सांगतलं असतं. नाही का, बाई?"

"हो," मी म्हणाले.